छोट्या बँकेचा शेअर वीस वर्षं धरला तर हाती काय लागतं?

प्रश्न बार्शीच्या एका शिक्षकांचा आहे. थोडक्यात असा: वडील गेल्यावर त्यांच्या लोखंडी पेटीत सांगली बँकेच्या १,८५० शेअरची प्रमाणपत्रं सापडली. त्याच पेटीत सोलापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेचे ५,००० रुपयांचे शेअरही होते. पहिल्या कागदांची किंमत आता लाखांत असेल असं त्यांना कुणीतरी सांगितलं. दुसरे मात्र तीस वर्षांनंतरही पाच हजारांचे पाच हजारच. मग आज एखाद्या छोट्या, एकाच पट्ट्यात वाढलेल्या बँकेचे शेअर घेऊन मुलीसाठी वीस वर्षं नुसते ठेवून दिले तर?

मी आधी तेरा वर्षं बँकेत कर्जविभागात होतो आणि त्यानंतर बावीस वर्षं सोलापुरात शेअरचा व्यवसाय केला. म्हणजे बँक आतून पाहिली आणि तिचा शेअर बाहेरून. उत्तर जरा लांबेल.

आधी तुमच्या पेटीचा हिशोब करू. सांगली बँक १९१६ ची. एप्रिल २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली आणि सांगली बँकेच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १०० मिळाले. तुमच्या वडिलांच्या १,८५० चे २०० झाले. डिसेंबर २०१४ मध्ये एका शेअरचे पाच झाले, म्हणजे १,०००. २०१७ मध्ये दहाला एक बोनस मिळाला, म्हणजे १,१००. २०२५ च्या मध्याला भाव १,४०० च्या आसपास होता, तो धरला तर १५ लाख ४० हजार. विलीनीकरणाच्या वेळी आयसीआयसीआयचा शेअर ९०० च्या आसपास होता, म्हणजे तेव्हाची किंमत एक लाख ऐंशी हजार. अठरा वर्षांत साडेआठ पट. वर्षाला चक्रवाढीने पावणेतेरा टक्क्यांच्या जवळपास, लाभांश वेगळा. त्याच काळात सेन्सेक्स चौदा हजारांच्या आसपासवरून ब्याऐंशी हजारांच्या आसपास गेला, म्हणजे सहा पटीच्या थोडं आत. तेच एक लाख ऐंशी हजार आठ टक्क्यांच्या ठेवीत असते तर कर भरण्याआधी सव्वासात लाखांच्या आत राहिले असते.

हे वाचून ‘बँकेचा शेअर धरून ठेवला की सोनं’ असं वाटेल. पण हा परतावा सांगली बँकेचा नाही. तो आयसीआयसीआयचा आहे. तुमच्या वडिलांनी आयसीआयसीआय निवडली नव्हती. २००६ च्या डिसेंबरात दोन बँकांच्या संचालक मंडळांनी ठरवलं आणि त्यांच्या हातातला कागद बदलला. शिवाय मार्च २००९ मध्ये तोच शेअर तीनशेच्या खाली होता. एक लाख ऐंशी हजारांचे साठ हजारांच्या आत आले होते. तेव्हा वडिलांनी विकले नाहीत, त्याचं कारण संयम की पेटीचा विसर, हे तुम्हालाच ठाऊक. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा विसरच असतो. आणि विसर पडलेल्या दुसऱ्या कागदांचं काय झालं, ते कुणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून सांगली बँकेच्या शेजारी तिच्या दोन बहिणी ठेवून बघा.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. पश्चिम महाराष्ट्रात तिचं नाव होतं, दुकानदाराचं खातं, शिक्षकाचा पगार, उसाचं बिल, सगळं तिच्यातून फिरायचं. भांडवल कमी पडत गेलं आणि २ सप्टेंबर २००६ ला तिच्यावर निर्बंध आले. महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआयमध्ये गेली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. शेअरच्या बदल्यात शेअर नव्हे, रोख. म्हणजे पुढे आयडीबीआयचं बरं होवो वा वाईट, यांचा संबंध तिथेच संपला.

माझ्याकडे तेव्हा एक निवृत्त जॉबर, म्हणजे कापड मिलमधले मुकादम, आले होते. मिल बंद पडल्यावर मिळालेल्या पैशातून त्यांनी तिचे चारशे शेअर घेतले होते. प्रमाणपत्रं दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घालून आणली होती. मी पाठकोऱ्या कागदावर लिहून दाखवलं, चारशे गुणिले अठ्ठावीस, अकरा हजार दोनशे. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली, जणू उरलेला आकडा तिकडे असेल. म्हणाले, “साहेब, शाखेत तर रोज पैसे भरणाऱ्यांचीच रांग असायची. मग बँक अडचणीत कशी?” या प्रश्नाकडे मी पुढे येतो, कारण सगळं त्यातच आहे.

तिसरी कोल्हापूरची. १९४३ ची रत्नाकर बँक, कोल्हापूर-सांगलीत सुरू झालेली. २०१० मध्ये नवं व्यवस्थापन आलं, बाहेरचं भांडवल आलं, नाव आरबीएल झालं आणि ऑगस्ट २०१६ मध्ये २२५ रुपयांनी शेअर बाजारात आला. २०१९ मध्ये तो सातशेपर्यंत गेला. २०२२ मध्ये शंभराच्या खाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडीने ६० टक्के हिस्सा घेण्याची घोषणा केली, दर २८०. ज्याने इश्यूत शेअर घेतला आणि नऊ वर्षं हललाच नाही, त्याला या दराने वर्षाला अडीच टक्क्यांच्या आत मिळाले, वर थोडा लाभांश. बचत खात्याएवढे. मधल्या काळात सातशे बघून झाले ते वेगळंच.

एकाच भागातल्या तीन बँका, तिन्ही जुन्या, तिन्हींत माणसं ओळखीची. एका भागधारकाला साडेआठ पट, एकाला अठ्ठावीस रुपये, एकाला नऊ वर्षांचं जागरण. याची सरासरी काढून काही हाती लागत नाही. मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात सरासरीला अर्थ असतो. एका छोट्या बँकेत तुम्हाला सरासरी मिळत नाही, तुम्हाला तिचा शेवट मिळतो.

आणि शेवट शून्यही असू शकतो. तमिळनाडूच्या करूरची लक्ष्मी विलास बँक १९२६ ची. २०१७ च्या अखेरीस तिने १२२ रुपये दराने राईट्स इश्यू, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ करणारी विक्री, काढला आणि जुन्या भागधारकांनी विश्वासाने पैसे भरले. २७ नोव्हेंबर २०२० ला ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली आणि शेअर भांडवल पूर्ण निर्लेखित झालं, म्हणजे वहीतून खोडून शून्य झालं. ठेवीदारांचा रुपया रुपया शाबूत राहिला, भागधारकांना दमडी नाही. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या भागधारकांचंही तेच झालं होतं. पाच लाखांचं विमा संरक्षण ठेवीला असतं, शेअरला नसतं. आपल्याकडे ‘बँकेत पैसे आहेत’ या एका वाक्यात लोक दोन्ही घालतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता जॉबरसाहेबांचा प्रश्न. रांग पैसे भरणाऱ्यांची असते, पण बँक बुडते ती कर्ज घेणाऱ्यांच्या बाजूने, आणि तिकडे रांग नसते. बँकेचं स्वतःचं भांडवल शंभर कोटी असेल तर वाटलेली कर्जं साधारण हजार कोटींच्या घरात. त्यातली पाच टक्के थकली आणि निम्मी वसूल झाली, तरी पंचवीस कोटी गेले. हजार कोटींत पंचवीस म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण भागधारकाच्या शंभरातले पंचवीस गेलेले असतात. कापडाच्या दुकानात शेकडा अडीच घट आली तर मालक सुस्कारा टाकतो आणि पुढे जातो. बँकेत तेवढ्याच घटीने मालकाचा चौथा हिस्सा उडतो.

मी कर्जविभागात असतानाची एक तपासणी सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना, चोवीस माग. कॅश क्रेडिटचं, म्हणजे मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायच्या कर्जाचं खातं, दर महिन्याला शिल्लक मालाचं स्टॉक स्टेटमेंट वेळेवर, व्याजही वेळेवर. कागदावर दृष्ट लागावी असं खातं. मी दुपारी तीनला न सांगता गेलो. गल्लीत शिरतानाच कळतं, माग चालू असतील तर आवाजाने बोलणं ऐकू येत नाही. तिथे आम्ही आरामात बोलत होतो. दोन माग चालू, बाकीच्यांवर धुळीचा थर, गोदामात सुताच्या गाठी होत्या त्या पुढच्या रांगेत. मागे रिकामी पोती रचलेली. मग व्याज कुठून येत होतं? दुसऱ्या एका पतसंस्थेच्या कर्जातून. मार्चअखेर आली की त्याचं खातं नवं-जुनं व्हायचं, म्हणजे जुनं कर्ज कागदावर फेडून नवं दिलं जायचं, आणि आमच्या शाखेच्या अहवालात थकबाकी शून्य.

असं एक खातं असेल तर बिघडत नाही. पण छोट्या बँकेची अडचण अशी की तिच्या कर्जदारांचं नशीब एकमेकांना बांधलेलं असतं. सोलापुरात सूत महागलं आणि टॉवेलची निर्यात थंडावली की माग बंद, मग रंगाई बंद, मग टेम्पोवाला, मग कामगार ज्या किराणा दुकानात उधारी ठेवतात ते दुकान. सगळ्यांची कर्जं एकाच बँकेत. देशभर पसरलेल्या बँकेला सोलापूर मंदावलं तर सुरत असतं, कोइमतूर असतं. हिला अशोक चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंतचं जग. ऊसपट्ट्यातल्या बँकेचं दुष्काळात हेच होतं, केरळातल्या बँकेचं आखाती देशांतून येणारा पैसा आटला की हेच. उलट बाजूही आहे, ती नाकारत नाही. चांगला शाखाधिकारी गल्लीतल्या आवाजावरून जे ओळखतो ते मुंबईतल्या संगणकाला कळत नाही. ओळख हीच छोट्या बँकेची कमाई आणि ओळख हाच तिचा फास. कर्ज नाकारायची वेळ येते तेव्हा समोरचा माणूस संचालकाचा व्याही असतो.

दुसरी गोष्ट, जी भागधारक वार्षिक अहवालात सगळ्यात कमी बघतात: शेअरची संख्या. बँक वाढायची तर भांडवल लागतं, आणि ते नफ्यातून पुरलं नाही तर नवे शेअर विकून आणावं लागतं. कोणत्या भावाने विकले, यावर तुमचं सगळं अवलंबून. समजा एक कोटी शेअर आहेत आणि पुस्तकी मूल्य (देणी वजा जाता बँकेच्या हिशोबात भागधारकाच्या वाट्याला उरणारी रक्कम) शेअरला शंभर, म्हणजे एकूण शंभर कोटी. बँकेला पन्नास कोटी हवेत, पण बाजारात भाव पन्नासच आहे. एक कोटी नवे शेअर विकावे लागतात. आता दोन कोटी शेअरमागे दीडशे कोटी, म्हणजे शेअरला पंच्याहत्तर. बँक मोठी झाली, शाखा वाढल्या, फलक नवे लागले आणि तुमच्या वाट्याचा पाव भाग गेला. तेच शेअर दोनशेने विकले असते तर पंचवीस लाख शेअरमध्ये काम झालं असतं आणि तुमचं पुस्तकी मूल्य एकशेवीस झालं असतं. म्हणजे ज्या बँकेला बाजार भाव देतो ती भांडवल घेऊन भागधारकाला श्रीमंत करते, आणि जिला गरज जास्त ती गरिबीत लोटते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. दक्षिणेतल्या एका जुन्या खासगी बँकेचे शेअर मी पुस्तकी मूल्याच्या निम्म्यात घेतले होते, स्वस्त म्हणून. नऊ वर्षांत तिने दोनदा भांडवल उभारलं, दोन्ही वेळा पडत्या भावात. नफा दुप्पट झाला, शेअरमागचा नफा होता तिथेच. घेतल्या भावाला विकून बाहेर पडलो. घरी सांगितलं ‘नुकसान नाही झालं’. नऊ वर्षांचं व्याज कुणी विचारलं नाही हे माझं नशीब.

म्हणून स्वस्त-महाग हे पुस्तकी मूल्याच्या पटीत बघायचंच, पण एकटं बघायचं नाही. बँक भागधारकांच्या पैशावर चौदा टक्के कमावते आणि पाचवा हिस्सा लाभांशात वाटते, असं धरलं तर पुस्तकी मूल्य वर्षाला अकरा टक्क्यांनी वाढतं. पंधरा वर्षांनी ते पावणेपाच ते पाच पट. तुम्ही शेअर पुस्तकी मूल्याच्या बरोबरीने घेतला आणि बाजाराने पुढे त्या मूल्याच्या दुप्पट भाव दिला, तर वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास वरून मिळतात. अडीच पटीने घेतला आणि विकताना सव्वा पट मिळाली, तर जवळपास तेवढेच वजा. बँक तीच, कर्जदार तेच, फरक तुम्ही कधी घेतलं याचा.

चांगली बँक असूनही हे घडतं. कुंभकोणमची सिटी युनियन बँक १९०४ ची, सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर, कधी भागधारकांना धुळीला मिळवलं नाही. तरी २०२० च्या फेब्रुवारीत तिचा शेअर दोनशेच्या वर होता आणि २०२५ च्या मध्यालाही दोनशेच्या आसपासच. थुथुकुडीची तमिळनाड मर्कंटाईल बँक १९२१ ची, नफ्यातली, थकबाकी कमी. सप्टेंबर २०२२ मध्ये ५१० ने इश्यू आला, २०२५ च्या मध्याला भाव त्याच्या खालीच. या बँका वाईट नाहीत, पण घेणाऱ्याने त्या वेळी दिलेल्या भावात पुढची चांगली वर्षं आधीच मोजून दिली होती.

‘छोटी आहे, उद्या कुणी मोठी बँक विकत घेईल’ ही आशा मात्र सोडा. खासगी बँकेत पाच टक्क्यांवर हिस्सा घ्यायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. बँक घ्यायला लोक येतात ते बहुतेक वेळा ती अडचणीत आल्यावर, आणि अडलेल्याला भाव मिळत नाही. सांगली बँकेच्या भागधारकांना शेअर मिळाले, युनायटेड वेस्टर्नच्या भागधारकांना रोख, लक्ष्मी विलासच्यांना काहीच नाही. तिघांनीही मत देऊन ते निवडलं असं म्हणणं धाडसाचं होईल.

सहकारी बँकेच्या पाच हजारांबद्दल थोडक्यात. तो शेअर नावालाच शेअर आहे. तो बाजारात विकला जात नाही, परत करताना दर्शनी किमतीलाच परत होतो, आणि गंगाजळी कितीही साठली तरी तिच्यात तुमचा वाटा नाही. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याखाली लाभांशही १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. पाच शेअर असोत की पाच हजार, मत एकच. बहुतेक ठिकाणी कर्ज घेताना तो कापून घेतलेला असतो, तसाच वडिलांचाही असेल. तो न वाढणं हा बँकेचा दोष नाही, रचनाच तशी आहे. पण बुडण्याची जोखीम मात्र पूर्ण आहे: २०२२ मध्ये सोलापूरच्याच लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा विम्याचे पैसे मिळण्याचा हक्क ठेवीदारांचा होता, सभासदांच्या शेअरचा नव्हता. वारस म्हणून अर्ज करा, शेअर तुमच्या नावावर करा किंवा परत करा. त्यावर विचार करत बसण्यासारखं काही नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. नुसते ठेवून देणार असाल तर माझं उत्तर नाही. निर्देशांकाचा फंड, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले सगळे शेअर धरणारा म्युच्युअल फंड, घ्या आणि पेटीला कुलूप लावा. एकट्या छोट्या बँकेचा शेअर हा पेटीत ठेवायचा माल नव्हे, तो दुभत्या जनावरासारखा आहे, रोज गोठ्यात जावं लागतं. जायची तयारी असेल तर घ्या, पण एकूण बचतीच्या पाच टक्क्यांच्या आत, आणि वर्षातून एकदा, अहवाल आल्यावर, एक संध्याकाळ द्या. मी स्वतः चार आकडे वहीत ओळीने लिहितो: शेअरची संख्या, शेअरमागचं पुस्तकी मूल्य, त्या वर्षात नव्याने थकलेली कर्जं आणि निर्लेखित केलेली कर्जं. शेवटचे दोन महत्त्वाचे. एकूण एनपीए, म्हणजे थकीत कर्जं, कमी झाल्याची जाहिरात सगळे करतात, पण ती वसुलीने कमी झाली की निर्लेखनाने, हे तिथे कळतं. बँकेच्या एकूण मालमत्तेवरचा (तिने दिलेली कर्जंही त्यात आली) वर्षाचा नफा सलग काही वर्षं एक टक्क्याच्या खाली असेल तर मी त्या बँकेच्या वाटेला जात नाही, कितीही स्वस्त असो. वर्ष संपायच्या आत मुख्याधिकाऱ्याने किंवा लेखापरीक्षकाने अचानक राजीनामा दिला तर कारण कळायची वाट न बघता विकतो. त्यात एकदा चुकलो, शेअर नंतर वाढला. त्याची खंत नाही.

आता तुमच्या कागदांचं. सांगली बँकेची प्रमाणपत्रं पेटीतच आहेत म्हणजे ती बदलून घेतलीच नसावीत. लाभांश सलग सात वर्षं न घेतलेला असेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेलेले असण्याची शक्यता मोठी. घाबरू नका, ते बुडत नाहीत, हक्क सिद्ध करून परत मिळतात. आधी आयसीआयसीआय बँकेच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, वडिलांचं नाव आणि जुना फोलिओ नंबर (भागधारकाचा खातेक्रमांक) देऊन सद्यस्थिती विचारा, मग वारसाची कागदपत्रं आणि तुमचं डीमॅट खातं, आणि शेअर निधीकडे गेले असतील तर आयईपीएफ-५ हा ऑनलाइन अर्ज. महिने लागतात. ‘कमिशनवर सोडवून देतो’ म्हणून फोन करणाऱ्यांना टक्केवारी कबूल करू नका.

विकाल तेव्हा कर लागेल, पण वडिलांनी किती रुपयांना घेतले होते ते शोधत बसू नका. ३१ जानेवारी २०१८ चा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, तो साडेतीनशेच्या घरात होता. त्यावरच्या नफ्यातून वर्षाला सव्वा लाख सूट, उरलेल्यावर साडेबारा टक्के. दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून विकले तर ती सूट तितक्या वेळा मिळते.

आणि पेटी पुन्हा एकदा नीट बघा. तळाशी न वटवलेले लाभांशाचे जुने वॉरंट, म्हणजे चेकसारखे कागद, असतील, पिवळे पडलेले, कोपरा फाटलेला. वटणार नाहीत म्हणून टाकून देऊ नका. त्यावर फोलिओ नंबर छापलेला असतो, आणि विलीनीकरणानंतरचा नवा नंबर कित्येकदा तेवढ्या एका चिठोऱ्यावरच असतो.